रक्ताला फसवता येतं का?

ओहोटीच्या वेळी वर्सोव्याच्या बंदरावर कलंडलेल्या होड्यांचे तळ कधी नीट पाहिलेत? शेवाळ आणि कवचांचे बारीक जीव तिथे घट्ट चिकटलेले असतात. पण त्यांच्याही आधी कुणीतरी जागा धरलेली असते! नवी फळी समुद्रात उतरली, की पाण्यातल्या प्रथिनांसारख्या पदार्थांचा अतिशय पातळ थर तिच्यावर चढतो. मग जिवाणू येतात, मग शेवाळ, मग कवचवाले.

रक्तातही असंच घडतं, बरं का! हृदयाची झडप बिघडली तर डॉक्टर कृत्रिम झडप बसवतात. रक्त तिला लागताच काही सेकंदांत रक्तातली प्रथिनं तिच्यावर जाऊन बसतात. म्हणजे रक्तपेशींची गाठ पडते ती या थराशी.

कोणतं प्रथिन बसणार, कसं बसणार, हे पृष्ठभागाच्या रसायनावर ठरतं. स्वच्छ काचेवर आणि मेणबत्तीवर पाण्याचा एकेक थेंब टाका. काचेवर तो पसरेल, मेणावर गोळीसारखा उभा राहील. रक्त मात्र काचेच्या नळीत लवकर गोठतं आणि आतून मेण लावलेल्या नळीत उशिरा! काचेवरच्या ऋण विद्युतभारामुळे रक्त गोठवणारं एक प्रथिन जागं होतं.

खरी गंमत पुढेच आहे. नेदरलँडमध्ये जन्मलेले लिओ व्रोमान (१९१५–२०१४) शास्त्रज्ञ होते आणि कवीही. बसलेली प्रथिनं जागा बदलतात, हे त्यांनी दाखवलं. लोकलमध्ये चपळ पोरं आधी शिरून खिडकी पकडतात, पण मागून आलेले दांडगे त्यांना उठवतात ना? तसंच. आधी लहानखुरं अल्ब्युमिन बसतं, मग मोठं फायब्रिनोजेन त्याला हटवतं. फायब्रिनोजेनला प्लेटलेट चिकटतात आणि गुठळी तयार होते. ती सुटून मेंदूत गेली, तर जिवावरच बेततं.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने भारतीय झडप बनवली. आधीचे तीन नमुने बाद झाले, पण त्यांनी हार मानली नाही. डिसेंबर १९९० मध्ये चौथा नमुना पहिल्यांदा एका रुग्णाला बसवला. त्यातली उघडझाप करणारी चकती खास पॉलिइथिलीनची आहे.

तरीही अशी यांत्रिक झडप बसवलेल्याला गुठळी टाळणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. रक्ताला जराही परका वाटणार नाही असा पदार्थ अजून कुणालाच सापडलेला नाही. शोधणार का तुमच्यापैकी कुणी?