पत्रक आणि बोंबील

परवा बोईसरच्या फलाटावर एका तरुणाने येशूचं पत्रक हातात दिलं. गाडीत शेजारी मुरबे गावच्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी ते मागून घेतलं आणि त्यात सुके बोंबील बांधले. आधी एकदा उलटसुलट करून पाहिलं, कागद जाड आहे म्हणून खूष झाल्या! येशूचे पहिले चारही शिष्य कोळीच होते, तेव्हा त्याला काही वाईट वाटलं नसेल. पण श्रद्धा अशी पत्रकं वाटून पसरत नाही, हे माझं ठाम मत. ती दिसावी लागते. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचंच बघा ना. ‘सुवार्ता’ मासिक चालवलं, बायबलचा मराठी अनुवाद केला, पण वसईतल्या हिंदू शेतकऱ्याला हा धर्मगुरू आपला वाटला तो हरित वसईच्या लढ्यामुळे. विहिरी, वाड्या, पाणी देवाने सांभाळायला दिलंय, विकायला नाही, ही खास ख्रिस्ती शिकवण त्यांनी बिल्डर आणि गुंडांसमोर उभं राहून सांगितली. धर्म बदला असं कुणाला म्हणाले नाहीत. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा विरोध करणारेही निघालेच. आपल्याकडे त्याशिवाय संमेलन पार पडत नाही. २०२४च्या जुलैत ते गेले. आज त्या मावशींच्या मुरब्याचे मच्छीमार असेच बंदराच्या प्रस्तावाविरोधात उभे आहेत. पत्रकवाल्या मित्रांनो, एकदा गठ्ठा घरी ठेवून त्यांच्या सभेला या, आणि मागे बसून नुसतं ऐका.