पहिल्या आंघोळीचा भार

गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे आमच्या पिंपरीच्या गल्लीत खरा नरकासुर अवतरला. साडेपाच वाजले असतील. मी अंगाला उटणे फासून बसलो होतो. बाहेर असा काही दणका झाला, की आमच्या चिरंजिवांनी "अ‍ॅटमबाँब!" म्हणून टाळ्या पिटल्या. लगेच दिवे गेले. टॉवेल गुंडाळून गॅलरीत येऊन पाहतो, तो कोपऱ्यावरची डीपी पेटलेली! जळते तेल ठिबकून खालच्या कचऱ्यावर पडत होते. अर्ध्या तासाने गल्लीतली पोरे तिथेच फटाके उडवायला जमायची होती.

शेजारचे नाना पाण्याची बादली घेऊन धावले. त्यांना दोघांनी धरून ठेवले म्हणून बरे. तारांत वीज असताना पाणी मारणे म्हणजे मरणाला आमंत्रण. शिवाय तेल पाण्यावर तरंगते आणि आग अधिकच पसरते.

दुपारी दुसरे रोहित्र घेऊन वायरमन आले. (रोहित्र हा शब्द पुस्तकातला. मराठीचा प्राध्यापक असूनही तो माझ्या तोंडी त्या दिवशीच प्रथम आला.) मी म्हणालो, "अचानकच पेटलं हो!" ते म्हणाले, "सर, अचानक कुठलं? वर्षभर मरत होतं ते."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. अकरा हजार किंवा बावीस हजार व्होल्टचा दाब उतरवून घरगुती वीज करणारे हे यंत्र म्हणजे तेलात बुडवलेली तारांची वेटोळी. वेटोळ्यांना कागद गुंडाळलेला असतो. तेल त्यांना थंड ठेवते आणि ठिणगी पडू देत नाही. भार वाढला की सारे तापते. कागद सोसेल त्या मर्यादेवर सहा अंश चढले, की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते! शंभर केव्हीएच्या रोहित्रावर दोन हजार वॅटचे पन्नास गीझर एकदम लागले, की ते काठोकाठ भरले. आणि अभ्यंगस्नानाचा मुहूर्त सगळ्या गल्लीचा एकच. आमच्या लहानपणी बंब पेटत. त्यांचा भार ज्याच्या त्याच्या न्हाणीघरापुरता असे.

पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला, मागून कारखान्यांची रांग लागली. आमच्या गल्लीत बैठ्या घरांच्या जागी चार-चार मजले चढले. डीपी मात्र तीच राहिली.

दिवसा तापून तेल फुगते, रात्री निवून आकसते आणि बाहेरची हवा आत ओढते. त्या हवेतला ओलावा टिपायला एका बरणीत निळे दाणे ठेवतात. ओल शोषून ते गुलाबी होतात. बदलले नाहीत, तर ओल तेलात उतरते. मग एके दिवशी कागद फाटतो, आत ठिणगी पडते, तेलाचा वायू होतो आणि टाकी फुटते. फ्यूजने आधीच वीज तोडायची. पण फ्यूज वारंवार उडतो म्हणून आम्हीच ओरडतो, कोणीतरी जाड तार घालतो, आणि आम्ही त्याला चहा पाजतो.

आमचे थोडक्यात निभावले. शेजारच्या भोसरीत तसे झाले नाही. तेथे इंद्रायणीनगरात सप्टेंबर २०२० मध्ये घराजवळच्या रोहित्राचा स्फोट झाला आणि पाच महिन्यांच्या बाळासकट एका घरातली तीन माणसे गेली. ती बातमी मी तेव्हा वाचली होती. वाचून पान उलटले होते.

तेव्हापासून आमची कन्या शाळेला जाताना बरणीकडे पाहते. "बाबा, अजून निळं आहे," असे सांगून जाते. श्रावणात एका सकाळी ती परत फिरून आली. "बाबा, खालचं गुलाबी झालंय!" मी शुद्ध मराठीत अर्ज लिहिला. खिडकीवरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारले, "रोहित्र म्हणजे डीपी ना?" दुसऱ्या अर्जात मी डीपी लिहिले. आठवड्याने दाणे बदलले.

डीपीखालचा कचरा आता उचलला आहे. फटाक्यांसाठी पोरांना पलीकडचे मैदान दिले आहे. आणि यंदा गल्लीने गीझरच्या पाळ्या लावल्या आहेत. पहिली पाळी नानांची, साडेचारची. सूर्योदयानंतर न्हाणारा नरकात जातो म्हणतात. चिठ्ठीत मला पावणेसात आले आहेत.