खात्री नसेल तर 'एन' म्हणा

या विकांताला मला जरा भांडायचंय. हापिसात डब्याच्या वेळी "माझा कर्नल अमुक इतक्या एमबीचा" असं छाती फुगवून सांगणारे जे जे कुणी आहेत, त्या सगळ्यांशी. त्यात मी पहिला. मार्चपर्यंत मीच सगळ्यात मोठ्या आवाजात सांगायचो.

आधी किस्सा. खांदेश्वर स्टेशनापासून दहा मिनिटांवर आमच्या भागातल्या पोरांची एक अभ्यासिका आहे. दोन खोल्या, एक कुरकुरणारा पंखा, भिंतीवर आवर्त सारणी. तिथे कुणीतरी हापिसातून निघालेले सहा जुने डेस्कटॉप दिले. सहाही एकाच मॉडेलचे, ४ जीबी रॅम, फिरणारी हार्ड डिस्क. मी शनिवारी जाऊन त्यांची देखभाल करतो. (म्हणजे पंख्यातली धूळ काढतो आणि "सर, नेट नाही" ला उत्तर देतो.) विंडोज त्यावर रखडत होती म्हणून उबुंटू टाकली. बरी चालली. तिथेच थांबलो असतो तर काही झालं नसतं. पण अंगात इंजिनियरिंगची डिग्री! म्हटलं, या मशीनसाठी खास कर्नल बांधू.

ज्यांनी हा उद्योग केला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लिनक्सच्या कर्नलचा सोर्स उतरवून 'मेक मेनूकॉन्फिग' म्हटलं की निळ्या पडद्यावर मेनू उघडतो. एका मेनूत दुसरा, दुसऱ्यात तिसरा. प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रश्न: हे हवंय का? 'वाय' म्हणजे कर्नलमध्येच कायमचं बसवा. 'एम' म्हणजे मॉड्यूल करून डिस्कवर ठेवा, लागेल तेव्हा आत घ्या. 'एन' म्हणजे नकोच. २०२५ च्या सुरुवातीला कर्नलच्या सोर्सने ४ कोटी ओळींचा टप्पा ओलांडला, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त ओळी निव्वळ ड्रायव्हरच्या आहेत. म्हणजे प्रश्न हजारोंनी. एकेक वाचत बसलात तर दिवाळी येते.

म्हणून शॉर्टकट आहे. 'मेक लोकलमॉडकॉन्फिग'. स्टीव्हन रॉस्टेट यांचं काम, २००९ च्या डिसेंबरात आलेल्या २.६.३२ पासून कर्नलमध्ये आहे. करतं काय, तर 'एलएसमॉड'ची यादी बघतं, म्हणजे या क्षणी कोणती मॉड्यूल आत घेतलेली आहेत ते. यादीत नसलेल्या सगळ्या मॉड्यूलना सरसकट 'एन'. माझ्या जुन्या आय-थ्रीवर पूर्ण कर्नल बांधायला रात्र जाते, हा जेवण होईपर्यंत तयार! मॉड्यूलचा फोल्डर काहीशे एमबीवरून तीस एमबीवर. बूट चार सेकंदांनी लवकर. सहाही मशीनवर टाकला, हापिसात मिरवला. कुणीतरी चहासुद्धा पाजला.

तीन आठवड्यांनी एक मुलगी भेटली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची. म्हणाली, "दादा, माझ्याकडून बोर्ड जळला."

बोर्ड म्हणजे आर्डुइनो उनोचा स्वस्तातला भाऊ. आपल्याकडे विद्यार्थी घेतात तो बहुतेक हाच, कारण खरा परवडत नाही. तिने मशीनला लावला, बोर्डावरचा दिवा लागला, पण सॉफ्टवेअरमधला 'पोर्ट'चा मेनू फिका पडलेला. काहीच निवडता येईना. वायर बदलून पाहिली, दुसऱ्या मशीनवर पाहिलं, तिसऱ्यावर पाहिलं. सगळीकडे तेच. (असणारच, सहाही मशीनवर माझीच करामत!) तिने सरळ निष्कर्ष काढला की मोटर जोडताना आपण काहीतरी चुकलो. घरी सांगितलं नाही. पैसे साठवून एका रविवारी लॅमिंग्टन रोडला गेली. खांदेश्वरहून हार्बरने कुर्ला, कुर्ल्याला बदलून दादर, दादरला बदलून ग्रँट रोड. साडेतीनशे रुपयांचा दुसरा बोर्ड आणला. तोही चालला नाही. आता तिची खात्रीच पटली होती की आपल्याला हे जमणार नाही, ब्रँच चुकली.

मी 'एलएसयूएसबी' मारलं. बोर्ड दिसत होता, नावासकट. 'डीमेसेज'मध्येही नवं यूएसबी उपकरण आल्याची नोंद. पण त्यापुढची ओळ, 'टीटीवाययूएसबी शून्य'ला जोडलं अशी, ती काही येईना. मग डोक्यात प्रकाश पडला आणि पोटात खड्डा. त्या स्वस्त बोर्डांवर यूएसबीचं सिरियल करणारी सीएच ३४० नावाची चिनी चिप असते. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कित्येक वर्षं आहे, सीएच ३४१ या नावाने. शंभर केबीच्या आतलं मॉड्यूल. मी कॉन्फिग केलं त्या शनिवारी कुणाचा बोर्ड लावलेला नव्हता, म्हणून ते यादीत नव्हतं, म्हणून ते 'एन'.

मी तिला सांगितलं की दोन्ही बोर्ड ठणठणीत आहेत, चूक माझी होती. ती हसली वगैरे नाही. फक्त विचारलं, "मग ते एरर का नाही दाखवत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. 'एन'चा हाच गुण आहे. तो आरडाओरडा करत नाही. हार्ड डिस्कचा ड्रायव्हर चुकून काढलात तर बरं, कर्नल रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणून तिथेच पॅनिक होतो, आणि शिव्या योग्य माणसाला बसतात. बाकीच्या 'एन'चं तसं नाही. मशीन चालू, सगळं सुरळीत, फक्त तुमची वस्तू त्या जगात अस्तित्वातच नाही. आणि समोरचा माणूस इंजिनियर नसेल तर दोष कुणाला देतो? स्वतःला.

आता मला सांगा, मिळवलं काय? चार सेकंद. डिस्कची बचत म्हणाल, तर त्या डिस्क ५०० जीबीच्या आहेत आणि निम्म्याहून जास्त रिकाम्या. आणि मॉड्यूल डिस्कवर पडून असलं म्हणजे रॅम खातं, हा जो एक लोकप्रिय गैरसमज आहे (माझ्या टीममध्येही आहे), तो कृपया सोडा. उपकरण लावलं की ते स्वतःचा उत्पादक क्रमांक आणि वस्तू क्रमांक सांगतं. कर्नल त्याची आरोळी ठोकतो, यूडेव्ह ती ऐकतो, मॉडप्रोब 'मॉड्यूल्स डॉट एलियस' नावाच्या फाइलमध्ये बघतो की या नंबरला कोण जबाबदार, आणि तेवढंच मॉड्यूल आत येतं. सोसायटीच्या गेटवरच्या रजिस्टरसारखं आहे हे. तिथे चारशे फ्लॅटची नावं लिहिली म्हणून चारशे जण वॉचमनच्या केबिनमध्ये येऊन बसत नाहीत. मी काय केलं, तर त्या दुपारी घरी असलेल्यांची नावं ठेवली आणि बाकी रजिस्टर फाडून टाकलं. संध्याकाळी लोक हापिसातून परत आले, तर वॉचमन म्हणतो, तुम्ही कोण?

आमच्या स्टेशनाचंच बघा ना. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मी शाळेत होतो, आणि दुपारच्या वेळी प्लॅटफॉर्मवर माणसांपेक्षा कुत्री जास्त असायची. बाबा म्हणायचे, एवढं मोठं स्टेशन सिडकोने कुणासाठी बांधलंय? आज सकाळी साडेआठला तिथे उभं राहून दाखवा. त्या वर्षांतल्या एखाद्या दुपारी कुणी लोकलमॉडकॉन्फिग चालवलं असतं तर खांदेश्वर 'एन' झालं असतं आणि लोकल मानसरोवरहून थेट पनवेलला गेली असती. (कोटी वाईट आहे, माहितेय. राहू दे.)

तर मुद्दा 'वापरात नाही' या शब्दाचा आहे. वापरात नाही म्हणजे कुणाच्या? कधीच्या? मेनूकॉन्फिगमध्ये प्रत्येक पर्यायाला मदतीचा मजकूर असतो आणि त्याच्या शेवटी फार वेळा एक ठरलेलं वाक्य येतं, की खात्री नसेल तर 'एन' म्हणा. मी कॉलेजात असल्यापासून हे वाक्य वेदवाक्य मानत आलो. एकदा जरा 'ॲक्सेसिबिलिटी'च्या मेनूत जाऊन वाचा. अंध माणसाला ब्रेलच्या पट्टीवर कन्सोल वाचता यावा म्हणून एक पर्याय आहे. तिथेही तेच, खात्री नसेल तर 'एन'. आता कॉन्फिग करणाऱ्या डोळस माणसाला याची खात्री कधी असणार? त्याला गरज नाही म्हणून माहिती नाही, माहिती नाही म्हणून खात्री नाही, खात्री नाही म्हणून 'एन'. कर्नलच्या आतूनच पडदा वाचून दाखवणारा स्पीकअप त्याच घरात राहतो. त्याला वर्षानुवर्षं कच्च्या कोडच्या 'स्टेजिंग'मध्ये ठेवलं होतं, २०२० मध्ये बाहेर काढून जागेवर बसवलं. बसवणाऱ्यांचे कष्ट आपण एका स्पेसबारने पुसतो.

याच सीएच ३४० चा अजून एक किस्सा, २०२२ चा. उबुंटू २२.०४ आली आणि जगभरच्या आर्डुइनोवाल्यांचे बोर्ड एकाएकी गायब होऊ लागले. ड्रायव्हर होता, पण पोर्ट यायचं आणि क्षणात जायचं. कारण निघालं बीआरएल-टीटीवाय, म्हणजे ब्रेल उपकरणांशी बोलणारा प्रोग्राम. एका ब्रेल रीडरमध्ये तीच चिप, तोच नंबर, त्यामुळे याला वाटायचं ब्रेल आलं, आणि तो पोर्ट पकडून बसायचा. जालावर जिथे बघावं तिथे एकच सल्ला: तो प्रोग्रामच काढून टाका, कोण वापरतंय ते! मीही काढला. एक ओळ मारली, बोर्ड चालला, धन्यवाद म्हटलं, पुढे गेलो. खरं तर त्या एका नंबरचा नियम तेवढा बंद करून भागलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण 'कोण वापरतंय' हे आपल्या धंद्यातलं इतकं सोयीचं वाक्य आहे की ते ऐकलं की हात आपोआप डिलीटकडे जातो.

आता हरकती. सिक्युरिटीवाले मित्र तलवारी काढून बसले असतील. त्यांचं म्हणणं पोकळ नाही. डीसीसीपी नावाचा एक नेटवर्क प्रोटोकॉल २००५ मध्ये कर्नलमध्ये आला. वापरणारे जवळपास नव्हतेच. पण डिस्ट्रोंनी 'एम' करून ठेवला होता आणि साधा युजरही तो लोड करवू शकायचा. २०१७ मध्ये त्यात असा दोष सापडला की साध्या युजरचा रूट होता यावं, आणि तो दोष पहिल्या दिवसापासूनचा! तेव्हा सर्व्हरवर 'एन' टाका, मी स्वतः हापिसातल्या सर्व्हरवर टाकतो. तिथे काय जोडलं जाणार ते मला माहीत असतं, त्याचाच मला पगार मिळतो. ८ एमबीच्या फ्लॅशवर बसवायच्या राउटरलाही पर्याय नाही. आणि स्वतःच्या मशीनवर पॅच तपासायला दिवसातून दहादा कर्नल बांधणाऱ्यासाठी लोकलमॉडकॉन्फिग हे वरदानच, बनलंय ते त्यासाठीच. त्यात 'एलएमसी कीप' म्हणून सोयसुद्धा आहे, की अमुक फोल्डरातली मॉड्यूल यादीत नसली तरी उडवू नकोस. यूएसबीचा फोल्डर तिथे लिहिला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. दोष हत्याराचा नाही. दुसऱ्यांच्या मशीनवर ते चालवणाऱ्याचा आहे.

आणि त्याच डीसीसीपीचं पुढे काय झालं तेही बघा. २०२३ पासून कर्नल लॉगमध्ये सूचना देत होता, की हे २०२५ मध्ये काढणार आहोत, वापरत असाल तर नेटवर्कवाल्यांना कळवा. मग २०२५ मध्ये ६.१६ मधून काढलं. दोन वर्षं दवंडी पिटून! मी सहा मशीनवरून शेकडो ड्रायव्हर काढले, तेव्हा अभ्यासिकेच्या फळ्यावर एक ओळ लिहिली होती का? "तुम्ही काय काय जोडता ते सांगा" असं एका तरी पोराला विचारलं होतं का?

हे भांडण जुनंच आहे म्हणा. २००२ च्या जानेवारीत एरिक रेमंड कर्नलवाल्यांच्या यादीवर हटून बसले होते, की टिली मावशीलाही कर्नल बांधता आला पाहिजे, त्यासाठी मशीन स्वतःच हार्डवेअर ओळखून उत्तरं भरेल अशी सोय करा. समोरून प्रश्न आला की मावशी कर्नल बांधायला जाईलच कशाला? तिला डिस्ट्रोचा सगळी मॉड्यूल असलेला कर्नल द्या आणि सुखाने जगू द्या. कॉलेजात हे वाचलं तेव्हा मी रेमंडच्या बाजूचा होतो. आता मात्र मला वाटतं, मावशीने कर्नल बांधला असता तर एक वेळ चाललं असतं, निदान स्वतःच्या घरात काय आहे ते तिला ठाऊक होतं. खरा धोका मावशीसाठी कर्नल बांधून देणाऱ्या भाच्याचा.

असो. पाच मशीनवर उबुंटूचा मूळ कर्नल परत टाकलाय, बीआरएल-टीटीवायला हात लावलेला नाही. त्या मुलीला दुसऱ्या बोर्डाचे पैसे देऊ केले, तिने घेतले नाहीत. म्हणाली, आता एकावरून पाठवते आणि दुसऱ्यावर घेते, प्रोजेक्टला दोनच लागत होते. सहावं मशीन कोपऱ्यातलं आहे, त्यावर एमपीएससीवाला एक मुलगा दिवसभर बसलेला असतो, उठतच नाही. त्यावर अजून माझाच कर्नल आहे. पुढच्या शनिवारी तो जेवायला गेला की बदलतो.