भावाला विचारायचं राहिलं

‘मॅडम, पीएचडीला नाव नोंदवू का?’ गेल्या आठवड्यात एमएची एक विद्यार्थिनी विचारायला आली. वडील एसटीत वाहक, धाकटा भाऊ बारावीत. मला चटकन ‘हो’ म्हणवेना आणि ‘नको’ही म्हणवेना.

माझ्या पीएचडीला सहा वर्षं लागली. फेलोशिप कागदावर दरमहा होती. हातात आली अकरा महिन्यांनी, एकरकमी. तोवर माझ्या खोलीचं भाडं धाकट्या भावाने भरलं. त्यासाठी त्याने स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं, हे मला व्हायवा झाल्यावर कळलं.

आज जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिना ३७,००० रुपये मिळतात, पुढच्या टप्प्यातल्या एसआरएफला ४२,०००. पण नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रत्येकाला जेआरएफ मिळत नाही. २०२३ मध्ये यूजीसीने सहायक प्राध्यापकपदासाठी पीएचडीची सक्ती काढली. नेट किंवा सेट पुरेशी ठरली. तरीही कायम जागांसाठी वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. नावापुढे डॉक्टर लावलेली कितीतरी माणसं तासिका तत्त्वावर शिकवताहेत. तास नाही त्या महिन्यात पैसे नाहीत. निव्वळ नोकरीसाठी पीएचडी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

मग मला काय मिळालं? पुण्याच्या पेशवे दप्तरातला मोडी लिपीतला एक कागद. एकाच ओळीवर मी चार दिवस अडले होते. अक्षर लागलं तेव्हा उलगडलं, की पाटाच्या पाण्याची आपली पाळी मागणाऱ्या एका विधवेची ती तक्रार होती. त्या संध्याकाळी बाहेर पडले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. पुरावा हाती येईपर्यंत थांबायचं, ही शिस्त मला त्या चार दिवसांनी लावली. ती आजही माझ्यासोबत वर्गात येते. ती सहा वर्षं मला पुन्हा मिळाली, तर मी पुन्हा तिथेच जाऊन बसेन.

म्हणून त्या मुलीला सांगितलं, नोंदणीआधी तीन महिने दप्तरात बसून बघ. ज्यांच्याकडे जाणार, त्या गाईडच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेट. फेलोशिप वर्षभर आली नाही तर घर कसं चालेल, ते वहीत मांड. आणि ती वही घरच्यांसमोर ठेव, भावासमोरसुद्धा.

माझ्या प्रबंधाची अर्पणपत्रिका माझ्या भावाच्या नावे आहे. पण सुरुवात करताना मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.