छोट्या सागरी टाकीला एवढ्या बाटल्या कशाला?

शोभेच्या माशांचा शौक आता गोड्या पाण्यातल्या सोनमाशापुरता राहिलेला नाही. खारे पाणी, खडक, रंगीत मासे आणि प्रवाळ अशी छोटी सागरी टाकी दुकानात, दवाखान्यात, घरच्या दिवाणखान्यात दिसू लागली आहे. टाकी विकली की तिच्यासोबत पाच-सहा बाटल्याही गिऱ्हाइकाच्या हाती दिल्या जातात. एक कॅल्शियमची, एक अल्कलिनिटीची, मग मॅग्नेशियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम. सवाल असा की, दर आठवड्याला नियमाने थोडे पाणी बदलणाऱ्या छोट्या टाकीला या बाटल्यांची खरोखर गरज आहे काय?

आमचे मत स्पष्ट आहे. बहुतेक छोट्या टाक्यांना ती नाही. ज्यांना आहे, त्यांनाही दोन किंवा फार तर तीन वस्तू पुरतात, आणि त्याही मोजून-मापून.

आम्ही कापडाचे व्यापारी, माशांचे तज्ज्ञ नव्हे. पण आमच्या पेढीवर ६० लिटरची अशी टाकी आहे आणि रंगाऱ्यांशी आमचा आयुष्यभराचा व्यवहार आहे. सुती कापडावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग पक्का बसवायचा तर सोडा अ‍ॅश लागतो. पाणी जड असेल तर त्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रंग डागाळतो. म्हणून जाणता रंगारी आधी पाणी तपासतो आणि मग सोडा तोलतो. टाकीसाठी विकल्या जाणाऱ्या अल्कलिनिटीच्या बाटलीत मुख्यतः हाच सोडा अ‍ॅश किंवा खाण्याचा सोडा असतो. कॅल्शियमच्या बाटलीत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असते. नाव मोठे, माल ओळखीचा. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ रँडी होम्स-फार्ली यांनी २००६ साली या दोन वस्तूंचे घरगुती मिश्रण कसे करावे हे छापून जाहीरच केले. मात्र कारखान्याच्या गोणीतला सोडा टाकीत घालू नये, तिथे शुद्ध मालच हवा.

आता हिशोब पाहू. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात कॅल्शियम सुमारे ४१० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम, आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच अंश. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो. तो अल्कलिनिटीचा १ अंश खर्च करतो तेव्हा कॅल्शियम लिटरमागे फक्त ७ मिलिग्रॅमच घटते. म्हणजे कॅल्शियमची तिजोरी मोठी आहे, अल्कलिनिटीचा गल्ला लहान आहे. आधी रिकामा होतो तो गल्लाच. म्हणून काही तपासायचेच तर पहिल्याने अल्कलिनिटी तपासावी.

पाणी बदलणे ही टाकीची आवक आहे. समजा, आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो आणि नव्या पाण्यात अल्कलिनिटी ८ अंश आहे. टाकीतील जीव आठवड्याला ०.२ अंश खात असतील, तर पाणी बदलण्याच्या आदल्या घडीला तूट २ अंशांवर येऊन थांबते आणि टाकी ६ अंशांवर स्थिर होते. त्याच टाकीत २० टक्के पाणी बदलले तर तूट १ अंशाचीच राहते. नियम सोपा आहे. आठवड्याच्या खर्चाला बदललेल्या हिश्श्याने भागावे, जी येईल ती तूट. मासे, मऊ प्रवाळ आणि खडकावरचे थोडे गुलाबी शेवाळ एवढाच कुटुंबकबिला असेल, तर हा खर्च सहसा एवढा कमी असतो की आवक पुरते.

पण खर्च आठवड्याला १ अंश झाला तर १० टक्क्यांच्या आवकेने काहीच भागत नाही, हे त्याच हिशोबाने कळते. दगडी प्रवाळांनी भरगच्च टाकी १ अंश तर एका दिवसातही खाऊ शकते. अशा टाकीला सोडा आणि कॅल्शियम वरून द्यावेच लागते, किंवा चुन्याची निवळी थेंबाथेंबाने सोडावी लागते. तेव्हा ‘बाटली म्हणजे लूटच’ असे सरसकट म्हणणारेही चुकतात.

परंतु आपल्या देशात येथे एक गोष्ट विसरता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे घातले गेले. आपल्या समुद्रातून ते काढणे व विकणे गुन्हा आहे. म्हणजे ज्या प्रवाळांच्या नावाने बाटली खपवली जाते, ते गिऱ्हाइकाच्या टाकीत बहुधा नसतातच, आणि असतील तर दुकानदाराने बाटलीपेक्षा कायद्याची काळजी करावी.

छोट्या टाकीचा दुसरा धोका मापाचा आहे. ६० लिटर पाण्यात १ अंश वाढवायला १.८ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, एकदम पडला तर अल्कलिनिटी जवळपास ३ अंशांनी उडी घेते. ६०० लिटरच्या टाकीत हीच चूक ०.३ अंशाची ठरते. मोठा हौद चूक पोटात घालतो, छोटा घालत नाही. तपासणीशिवाय आयोडीन ओतणे तर आणखी वाईट, कारण समुद्रात ते लिटरला सुमारे ०.०६ मिलिग्रॅम एवढेच असते.

शिवाय बाटली फक्त भर घालते, काढून काहीच नेत नाही. माशांच्या विष्ठेतून साचणारे नायट्रेट पाणी बदलल्याने कमी होते, आणि चांगल्या सागरी मिठातून हे बारीकसारीक क्षारही त्याच वेळी परत येतात. ६० लिटरच्या टाकीत १० टक्के म्हणजे ६ लिटर पाणी आणि सुमारे २१० ग्रॅम मीठ. एवढ्यात आठवड्याचे काम होते. वाफेने उडालेले पाणी भरताना मात्र मीठ घालू नये, कारण मीठ उडत नाही.

या धंद्यातील बंधूंना आमचे सांगणे एवढेच. गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी चांगले मीठ, खारेपणा मोजण्याचे साधन आणि अल्कलिनिटीची तपासणी पेटी द्या. महिनाभर आकडे लिहून ठेवायला सांगा. आकडा टिकला तर बाटली विकू नका. घसरत गेला तर आधी थोडे जास्त पाणी बदलायला सांगा, आणि तरीही घसरला तरच बाटली द्या. पाच बाटल्यांचा नफा एकदाच मिळतो. ज्याची टाकी तिसऱ्या महिन्यात मेली, ते गिऱ्हाईक मिठाच्या पुडीसाठीही पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.