कनेक्शनची गाडी

मंडळी, आज जरा आमच्या धंद्यातलं. मामा-मावशी, तुम्हीही वाचा. लोकलचं वेळापत्रक कळणाऱ्याला हे कळतंच :)

भाईंदरहून सुटणारी चर्चगेट लोकल कुणासाठी थांबत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र भलताच पेच असतो. आपली आवृत्ती दुसऱ्याच्या लायब्ररीवर उभी, आणि ती लायब्ररी अजून "येतेय, येतेय"! मग थांबायचं की निघायचं?

डेबियन थांबलं. 'वुडी' जुलै २००२ मध्ये आली, त्यानंतरची 'सार्ज' थेट जून २००५ मध्ये. नवा इन्स्टॉलर तयार नव्हता, हे त्यातलं एक मोठं कारण. एका डब्यापायी अख्खी गाडी यार्डात! ग्नोमने उलटा रस्ता धरला. दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरात, गाडी सुटणार. जे तयार नाही ते पुढच्या गाडीने.

मला ग्नोमचं पटतं, आणि त्याचं कारण मराठी आहे. त्यांच्या वेळापत्रकात एक तारीख अशी असते की त्यानंतर पडद्यावरची वाक्यं बदलायची नाहीत. भाषांतर करणारी आपली माणसं थोडी, तीही नोकरी सांभाळून करणारी. शेवटच्या आठवड्यात कुणी अर्धाकच्चा घटक घुसवला, की नवी वाक्यं इंग्रजीतच राहतात. वापरणारा म्हणतो, "मराठी धड नाही." बोल कुणाला? भाषेला!

वेळापत्रक नसलं की काय होतं, ते 'ॲ' या अक्षराकडे बघा. युनिकोडमध्ये ते एप्रिल २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आलं. पण नुसता क्रमांक मिळून भागत नाही. फॉन्टमध्ये हवं, कीबोर्डवर हवं, शोध घेणाऱ्या प्रोग्रामलाही कळायला हवं. हे सगळे आपापल्या सवडीने येणार. तोवर लोकांनी 'अ'वर चंद्र चढवून काम भागवलं, आणि ती सवय टिकली. दिसायला दोन्ही सारखेच, पण युनिकोडच्या लेखी वेगळे. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं 'ॲप' दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडेलच असं नाही.

काहीजण म्हणतात, न आलेला घटक कुणी वापरलाच नाही तर तो तपासला कसा जाणार? मुद्दा रास्त आहे. वापरा की, पण आपल्या प्रयोगाच्या शाखेत. लोकांच्या हाती द्यायच्या आवृत्तीत फक्त जाहीर झालेलंच घ्या. नवं सोडवत नसेल, तर ते नसतानाही चालेल अशी जुनी वाट उघडी ठेवा. आणि खालचा घटक बनवणाऱ्याला आपली तारीख महिनाभर आधी कळवा. अर्ध्या अडचणी एवढ्यानेच सुटतात.

असो. तुम्ही थांबणाऱ्यांतले की निघणाऱ्यांतले? जरूर कळवा.