तिरप्या धुऱ्याचे गणित

सरकीची उगवण आणि बोंडअळी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र कागद, पेन्सिल घ्या आणि घरात आठवीतले मूल असेल तर त्याला जवळ बसवा.

आठवीत एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका व अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. कोरडवाहू घराला ही रक्कम लहान नाही. पेपर दोन, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटे. म्हणजे प्रश्नाला एकच मिनिट.

अशा परीक्षांच्या तयारीत मुलांना अडवणारा एक प्रश्न पाहा : काटकोन त्रिकोणाची परिमिती १२, कर्ण ५, तर क्षेत्रफळ किती? मूल म्हणते, पाया दिला नाही, उंची दिली नाही, काढू कसे? आणि पुढे सरकते.

आता आपल्या वावरात या. पांदण किंवा नाला आडवा गेला की एका कोपऱ्याला तिकोनी तुकडा उरतो. समजा, त्याचा तिरपा धुरा ५ साखळ्या आणि दोन सरळ धुरे मिळून ७ साखळ्या. आपली शंकू साखळी ३३ फुटांची, आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी गुंठा आपल्या तोंडून गेला नाही, ते इथे कामाला येते.

जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून असे चार सारखे त्रिकोण कापा. ७ बाजूच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत एकेक असा बसवा, की चौरसाच्या प्रत्येक बाजूवर एकाचा लहान धुरा आणि दुसऱ्याचा मोठा धुरा येईल. मध्ये तिरपा चौरस मोकळा राहतो. त्याची प्रत्येक बाजू कर्णाची, म्हणजे ५ ची. मोठा चौरस ४९ गुंठे, मधला २५. उरले २४, ते चार त्रिकोणांचे. एकाचे ६ गुंठे. पाया आणि उंची वेगळी काढावीच लागली नाही!

एकरी ५० किलो खत द्यायचे असेल तर या तुकड्याला साडेसात किलो पुरते. अंदाजाने टाकणारा दहा-बारा किलो टाकून मोकळा होतो.

हेच बीजगणितात : (अ + ब)² = अ² + ब² + २अब. यात अ² + ब² म्हणजे कर्णाचा वर्ग, आणि २अब म्हणजे क्षेत्रफळाची चौपट. मुलांना हे सूत्र पाठ असते. ते त्रिकोणाला लावायचे असते हे कोणी सांगत नाही, एवढेच. बेरजेऐवजी दोन बाजूंमधला फरक दिला असेल तर वजाबाकी उलटी करा. कर्ण १३, फरक ७ : १६९ मधून ४९ गेले, १२० उरले, चौथा भाग ३०.

चार पर्यायांतून चुकीचे गाळायलाही एक खूण आहे. क्षेत्रफळ कर्णाच्या वर्गाच्या चौथ्या भागापेक्षा जास्त कधीच होत नाही. कर्ण ५ असेल तर सव्वासहाच्या वरचे पर्याय न मोजताच खोडा.

वावरात हे वापरण्याआधी कोपरा तपासा. कोपऱ्यापासून एका धुऱ्यावर ३ हात, दुसऱ्यावर ४ हात खूण करा. खुणांमधले अंतर बरोबर ५ हात भरले तरच काटकोन. नाही भरले तर तिन्ही बाजू मोजून आठवीच्या पुस्तकातले हेरॉनचे सूत्र लावा. आणि या हिशेबावर शेजाऱ्याशी धुऱ्याचे भांडण काढू नका. त्याला भूमी अभिलेखची मोजणीच लागते.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या 'लीलावती'त असेच एक उदाहरण आहे : कर्ण १७, दोन बाजूंची बेरीज २३. त्यांनी बाजू वेगवेगळ्या विचारल्या आहेत. तुम्ही आज रात्री मुलाला क्षेत्रफळ विचारा. उत्तर ६० यावे. १२० आले तर दोन बाजूंच्या गुणाकाराचे निम्मे करायचे राहिले आहे.